झाकलेली ओळ

१

इराचं लग्न मोडलं ते मोबाईलवरच्या एका फोटोमुळे.

इरा उमरीच्या शाळेत शिक्षिका. मुलगा आलोक अर्धापूरचा, केळीच्या बागा, तालेवार घर. साखरपुडा झालेला, पत्रिका छापायला टाकलेल्या, आणि अचानक मुलाकडून निरोप आला की आमचा विचार बदलला. इराचे वडील माधवराव तसे शांत गृहस्थ, पण एकदा पेटले की पेटले. ते तडक अर्धापूरला गेले आणि कारण कळल्याशिवाय इथून उठत नाही म्हणून बैठक मारून बसले. शेवटी मुलाच्या काकानं खिशातला मोबाईल काढून त्यांच्यापुढं धरला. त्यात इराच्या तपासणीच्या रिपोर्टचा फोटो होता.

तिच्या गळ्याला गाठ आली होती आणि ती नांदेडच्या एका लॅबमध्ये तपासली होती. निकाल चांगला होता. साधी गाठ, काळजीचं कारण नाही, असं रिपोर्टात खाली स्वच्छ लिहिलेलं. पण अर्धापूरकरांनी खालपर्यंत वाचलंच नाही. गाठ म्हटलं की झालं, पुढं वाचायची गरज त्यांना वाटली नाही.

हे सगळं मला तनुजानं फोनवर सांगितलं, रडत रडत. मी विनीता. नांदेडच्या पॉलिटेक्निकात बरीच वर्षं संगणक शिकवला, मग प्राचार्यांशी वाजलं म्हणून राजीनामा तोंडावर फेकला. आता लोकांच्या संगणकांना कुठं कुठं भोकं पडलीत ते दाखवत फिरते आणि वर शिव्याही खाते. तनुजा माझी विद्यार्थिनी, जळकोटची. त्याच लॅबच्या लातूरच्या मुख्य कचेरीत सगळ्या शाखांचे संगणक ती सांभाळते.

मी म्हटलं, अगं रिपोर्ट फुटला हे वाईटच झालं, पण तू कशाला रडून राहिलीस?

ती म्हणाली, "मॅडम, तो रिपोर्ट मुख्य पासवर्ड टाकून उघडलाय. तो पासवर्ड मी बनवला. आणि माझ्याशिवाय तो कुणालाच माहीत नाही."

२

नांदेड-लातूर एसटीत लोहा आणि अहमदपूर गेलं तरी माझं डोकं एकाच जागी अडकलं होतं. एकाच माणसाला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्यानं वापरली, तर एक तर ते एक माणूस खोटं बोलतंय, नाहीतर ती गोष्ट कुठंतरी सांडलीय. पोरगी खोटं बोलणारी नाही असं मला वाटत होतं. पण वाटण्यावर माझं पोट चालत नाही.

लॅबच्या हॉलमध्ये पेशंटच्या खुर्च्यांवर एक म्हातारा टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. ते तनुजाचे वडील, श्रीमंतराव. लॅबच्या मालक डॉक्टरांनी त्यांना जळकोटहून बोलावून घेतलं होतं. कशाला, म्हणून विचारलं तर ते भिंतीकडं बघत म्हणाले, "पोरीला घिऊन जावा म्हनले." तनुजा त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवून गेली तरी त्यांनी मान वळवली नाही. मला ते चांगलं वाटलं नाही.

ज्या भिंतीकडं ते बघत होते तिच्यावर जागोजागी नोटिसा चिकटवलेल्या. चपला बाहेर काढाव्यात, मोबाईलवर मोठ्यानं बोलू नये, असल्या. प्रत्येक नोटिशीच्या मथळ्याला दोन्ही बाजूंनी कीबोर्डवरचा तो चांदणीसारखा स्टार छापलेला. आता या स्टारांची काय हौस, असं मनात आलं आणि मी आत गेले.

डॉक्टर विरूपाक्ष मोठा माणूस. लातूरपासून उदगीर, नांदेडपर्यंत शाखा, बोलण्यात दरारा. त्यांच्या शेजारी शिवमूर्ती नावाचा गृहस्थ उभा होता. कागदोपत्री तो जनसंपर्क अधिकारी, पण खरं म्हणजे डॉक्टरांचा उजवा हात. आपल्याकडच्या मोठ्या माणसांची रीतच असते, ते स्वतः मोबाईल टाइप करत नाहीत. डॉक्टर तोंडानं सांगत होते आणि शिवमूर्ती त्यांच्याच मोबाईलवर टाइप करून पाठवत होता. टेबलावर केळीची फणी होती. शिवमूर्तीनं अगत्यानं पुढं केली, "घ्या म्याडम, भैनीकडची हायेत." केळी छान होती, मी दोन खाल्ली.

डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. रिपोर्ट मुख्य खात्यातून उघडला गेला, याच इमारतीतल्या काउंटरच्या संगणकावरून. त्या दिवशी तनुजा हजर होती. पासवर्ड तिलाच माहीत. माधवराव पोलिसांत जाणारच आहेत, त्याआधी लॅबनं आपली तक्रार द्यायची आणि त्या तक्रारीत नाव घालायचं तनुजाचं. हॉलमध्ये सगळ्या स्टाफला उभं करून त्यांनी तिला चोर म्हटलंही होतं. उद्या सकाळी तक्रार जाणार होती, तोवर काय तपासायचं ते तपासा म्हणाले.

मी विचारलं, तिला काय पडलंय इराच्या रिपोर्टचं?

डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाले, "म्हणजे तिनं तुम्हाला सांगितलं नाही तर. हाच आलोक मागच्या वर्षी जळकोटला तिला बघायला गेला होता. नापसंत करून आला."

३

मला जाम राग आला. तनुजाला बाजूच्या खोलीत गाठलं आणि विचारलं, बाई गं, ही गोष्ट मला दुसऱ्याच्या तोंडून का कळावी?

तिनं खाली मान घातली. म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही आला असता का?"

आले असते, पण तिला ते कसं मालूम असणार. बघायला आले, पोहे खाल्ले, मुलगी सावळी आहे म्हणून कळवलं, एवढीच ती गोष्ट. तिनं ती कुणालाच सांगितली नव्हती. पण इथं सगळ्यांना माहीत होती, आणि ती आपोआप तर कुणाला कळत नाही. हे मी मनात नोंदवून ठेवलं.

मग मी कामाचं विचारलं. एवढ्या शाखांचे संगणक एकसारखे ठेवायचे तर प्रत्येक ठिकाणी माणूस जाऊन बसत नाही. एकाच जागी सूचना लिहून ठेवायच्या, त्याला कॉन्फिगरेशनचा कोड म्हणतात. तो चालवला की सगळ्या शाखांमध्ये तेच घडतं. नवा पासवर्ड टाकायचा असेल तरी तोच कोड जाऊन सगळीकडं टाकून येतो. आणि टाकताना काय काय केलं ते ओळीओळीनं लिहीत जातो. त्याला म्हणायचं लॉग.

हा प्रोग्राम कामाला चोख असतो पण तोंडाळ बाईसारखा असतो. कपाट आवरलं, भांडी लावली आणि तिजोरीची किल्ली डाळीच्या डब्यात ठेवली, हे सगळं ती गल्लीला ऐकू जाईल असं सांगते. म्हणून पासवर्डची ओळ आली की तिला बजावून ठेवावं लागतं की बये, हे बोलू नकोस. कोडमध्ये त्यासाठी एक छोटी ओळ घालायची असते. ती घातली की लॉगमध्ये पासवर्डच्या जागी एवढंच येतं की इथलं झाकून ठेवलं आहे. वर्गात मी हे कानीकपाळी ओरडून सांगायचे.

मी तनुजाचा कोड उघडून बघितला. झाकायची ओळ जिथं हवी तिथं होती. पोरगी शिकवलेलं विसरली नव्हती. आणि नेमकं हेच तिच्या मुळावर आलं होतं. ओळ झाकलेली होती तर पासवर्ड बाहेर गेलाच कसा? म्हणजे तिनंच वापरला.

मी विचारलं, हा लॉग जातो कुठं? तिनं कपाळाला हात लावला. डॉक्टरांचा कुणावरच भरवसा नव्हता. काम झालं की नाही ते मला दिसलं पाहिजे, असा त्यांचा हुकूम होता, म्हणून कोड चालला की त्याचा सगळा लॉग आपोआप, चालवणाऱ्याच्या नावानं, स्टाफच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर जाऊन पडत होता. लॉग हा रोजच्या रोज ग्रुपवर टाकायचा सुविचार आहे असं समजणारी कचेरी मी पहिल्यांदाच बघितली.

"ग्रुपमध्ये कोण कोण आहे?"

ती, डॉक्टर, तिच्याच खात्यातला सर्वेश आणि काउंटरची पुनम. शिवमूर्ती नव्हता, त्याला संगणकातलं काय कळतं म्हणून घेतला नव्हता. मी तिच्या मोबाईलवर ग्रुप उघडून वर वर सरकवत गेले. रोजचे लॉग, रोजची झाकलेली ओळ. तनुजानं हा पासवर्ड बनवल्यानंतरच्या दिवसांतलं बघताना माझं बोट थांबलं. तनुजा रजेवर होती त्या दिवशी सर्वेशनं पाठवलेला एक मेसेज होता, आणि त्याच्या जागी फक्त एवढंच होतं की हा मेसेज डिलीट केला आहे.

४

सर्वेश तनुजाचा वरिष्ठ. गोरागोमटा, इस्त्रीचा शर्ट, प्रत्येक उत्तराच्या आधी एक गोड हसू. तो म्हणाला, चुकून फॅमिलीचा फोटो गेला होता, काढून टाकला.

मी म्हटलं, ठीक आहे, तो फोटो मोबाईलमध्ये असेल, दाखव. तो म्हणाला, आता नाही. मी म्हटलं, बरं, मग मी घरी फोन करून विचारते कोणता फोटो होता तो. हसू गेलं. म्हणाला, घरच्यांना कशाला मधे घालता मॅडम. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले आणि काहीच बोलले नाही. शिक्षकाला एवढी एक विद्या येते. पोरगं स्वतःहून बोलेपर्यंत नुसतं बघत बसायचं.

शेवटी तो बोलला. ग्रुपवर रोज ती झाकलेली ओळ बघून डॉक्टरांना संशय यायला लागला होता. ही पोरगी रोज काय लपवून राहिलीय, असं त्यांनी त्याला दोन-तीनदा विचारलं. त्यात उदगीर शाखेत कोड अडखळत होता आणि नेमकं काय चुकतंय ते झाकणामुळे दिसत नव्हतं. म्हणून तनुजा रजेवर गेली तसं डॉक्टरांनी सांगितलं की काढ ते झाकण. त्यानं काढलं, कोड चालवला, चूक सापडली, ती दुरुस्त केली, झाकण परत लावलं. सगळं मुकाट. पण लॉग ग्रुपवर आपोआप जातो हे मधल्या मधे विसरला.

"पासवर्ड उघडा पडलेला दिसला तसं डिलीट केलं, मॅडम. समोरचा चहासुद्धा गार झाला नव्हता."

मी विचारलं, आणि त्या पोरीला सगळ्यांसमोर चोर म्हटलं तेव्हा तू कुठं होतास? तो म्हणाला, तिथंच होतो. त्याच्या आवाजात लाज होती, नाही असं नाही, पण लाज आत ठेवून दुसऱ्याला फासावर जाऊ देणाऱ्या माणसाला मी काय म्हणायचं? नोकरीचा प्रश्न होता म्हणे. जसं काय तनुजा इथं हौसेला येत होती.

डॉक्टरांना विचारलं तर त्यांना झाकण काढायला सांगितल्याचं आठवत होतं, पण त्याचा आणि पासवर्डाचा काही संबंध आहे हेच डोक्यात आलं नव्हतं. त्यांच्या मोबाईलवरचे मेसेज ते वाचतही नव्हते, महत्त्वाचं काही असलं तर शिवमूर्ती सांगतो म्हणाले.

मग पुनमकडं गेले. रिपोर्ट तिच्याच काउंटरच्या संगणकावरून उघडला होता, त्यामुळं ती आधीच घाबरून कोपऱ्यात उभी होती. तिनं सांगितलं की ती जेवायला गेली की तिच्या जागी कुणीही येऊन बसतं. सर्वेश काहीतरी दुरुस्त करत असतो, शिवमूर्ती नोटिसा छापतो, तनुजाही बसते. तिच्या स्क्रीनवर व्हॉट्सॅप उघडंच होतं, स्टाफच्या ग्रुपसकट, कारण पेशंटना रिपोर्ट ती तिथूनच पाठवते.

म्हणजे चहा गार व्हायच्या आत तो मेसेज कुणीही बघितला असू शकत होता. आणि पुनमनं जाता जाता माझा हात धरून हळूच सांगितलं, "मॅडम, तनुजाचंच काम असंल. आलोकची गोष्ट सगळ्यांना मालूम हाय."

"तुला कुणी सांगितली?"

तिनं दाराकडं बघितलं आणि पेशंट आल्याचं निमित्त करून निघून गेली.

५

हाती काय होतं? डिलीट झालेला मेसेज आणि चार तोंडं. तेवढ्यावर कुणाला चोर ठरवलं तर मी आणि डॉक्टर एकाच माळेचे मणी झालो असतो.

मी रिपोर्टच्या सॉफ्टवेअरचा लॉग उघडला. हे सॉफ्टवेअर कुण्या पठ्ठ्यानं बनवलं होतं देव जाणे. लॉगिन कुणी केलं, कुठून केलं, इथपर्यंत ठीक. पण पासवर्ड चुकला तर चुकीचा टाकलेला पासवर्डही हा बाबा जसाच्या तसा लिहून ठेवत होता. माझ्या तोंडून चांगल्या घरच्या बाईनं देऊ नये अशी शिवी गेली. चुकलेला पासवर्ड म्हणजे खऱ्याचा सख्खा भाऊ असतो. एखादं अक्षर इकडंतिकडं. तो लिहून ठेवणं म्हणजे कुलूप लावून किल्ली खिळ्याला टांगणं.

पण मग मी त्या ओळी पुन्हा वाचल्या आणि शिवी मागं घेतली.

इराचा रिपोर्ट उघडायच्या आधी त्याच संगणकावर मुख्य खात्यात दोनदा चुकीचा पासवर्ड पडला होता, आणि दोन्ही वेळा तीच चूक. मी तनुजाला बोलावलं, खरा पासवर्ड कागदावर लिही म्हटलं. तिनं मांजरा आणि तेरणा ही नद्यांची नावं घेतली होती, मधे आकडे, आणि सुरुवातीला एक स्टार नि शेवटी एक स्टार. चुकलेल्या दोन्ही ओळींत नद्या होत्या, आकडे होते, सगळं अक्षरन् अक्षर बरोबर होतं. दोन्ही स्टार तेवढे नव्हते.

तनुजानं ते वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. तिला लगेच कळलं. माझी विद्यार्थिनी.

मी पुनमला म्हटलं, तुझ्या काउंटरवरून व्हॉट्सॅपवर कोणताही शब्द पाठव, पुढं-मागं स्टार लावून. तिनं पाठवला. स्टार गायब झाले आणि शब्द ठळक झाला. आता तोच शब्द कॉपी करून दुसरीकडं चिकटव म्हटलं. चिकटवला, तर दोन्ही स्टार परत आले.

मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये निरोप पाठवला की सगळ्यांना बसवा, मला चोर सापडलाय.

६

सगळे आले. श्रीमंतरावांना मी मुद्दाम आत बोलावलं. ते खुर्चीवर न बसता दाराशी उभे राहिले. डॉक्टर म्हणाले, बाहेरची माणसं कशाला? मी म्हटलं, पोरीचा अपमान त्यांना ऐकवायला बोलावलंत, मग आता हेही ऐकू द्या.

पहिली गोष्ट, मी म्हटलं, हा चोर तनुजा नाही. पासवर्ड तिनं स्वतः बनवला. स्टार कुठं आहेत ते तिला माहीत होतं. घाईत एखादं अक्षर चुकेल, पण बरोबर दोन्ही स्टार गळतात आणि बाकी काहीच चुकत नाही, तेही दोन्ही वेळा, असं होत नाही. ज्यानं टाइप केलं त्याला ते स्टार दिसलेच नव्हते. आणि स्टार कुठं दिसत नाहीत? व्हॉट्सॅपवर. म्हणजे पासवर्ड ग्रुपवर सांडला तिथूनच चोरानं उचलला.

डॉक्टर पुढं वाकले.

मी म्हटलं, सर्वेशही नाही. त्यानं कोड चालवला तेव्हा त्याच्या स्वतःच्या स्क्रीनवर पासवर्ड स्टारांसकट उघडा होता, त्याला व्हॉट्सॅपवर बघायची गरज नव्हती. दुसरं पाप आहे त्याच्या माथ्यावर, ते नंतर. पुनमही नाही. त्याच संगणकावर तिचं व्हॉट्सॅप ग्रुपसकट उघडं असतं. तिनं तो तिथल्या तिथं कॉपी करून ठेवला असता, आणि कॉपी केलं की स्टार येतात. चोरानं कॉपी केलं नाही. त्यानं बघून बघून टाइप केलं. का? कारण तो मेसेज त्याच्या स्वतःच्या मोबाईलवर नव्हताच. तो ग्रुपमध्ये नाही. त्यानं दुसऱ्याच्या मोबाईलवर बघितला आणि डिलीट व्हायच्या आत आपल्या मोबाईलनं त्याचा फोटो काढून ठेवला. स्वतःला फॉरवर्ड केला असता तर खूण राहिली असती.

"माझ्या मोबाईलवर?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमचा मोबाईल तुमच्या हातात असतो कधी?"

शिवमूर्ती डॉक्टरांच्या खुर्चीमागं उभा होता तसाच उभा राहिला.

मी पुढं म्हटलं, दोनदा चुकल्यावर तिसऱ्यांदा त्याला अक्कल आली. फोटोतली अक्षरं ठळक दिसत होती. ज्याला व्हॉट्सॅपवर ठळक लिहायची रोजची सवय आहे त्याला कळतं की ठळक अक्षराच्या दोन्ही बाजूंना स्टार असतात. बाहेरच्या भिंतीवर बघा. शिवमूर्ती नोटीस आधी व्हॉट्सॅपवर लिहितात आणि तशीच छापतात, स्टारांसकट. पुनम, आलोकनं तनुजाला नापसंत केल्याची गोष्ट तुला कुणी सांगितली?

पुनमनं शिवमूर्तीकडं बघितलं आणि पटकन नजर खाली घातली.

मी शिवमूर्तीला म्हटलं, शिवमूर्ती, ती केळी देणारी तुमची बहीण अर्धापूरची ना?

तो काही नाकारत नव्हता हे मला आता दिसलं. त्याला नाकारण्यासारखं त्यात काही वाटतच नव्हतं.

"आलोकची आई माजी चुलत भैन हाय," तो म्हणाला. "तिनं इच्यारलं, मुलीचं दवाखान्याचं कायी हाय का बघ. सोयरीक जुळवायची म्हनल्यावर चौकशी करत न्हाईत का लोकं? म्या चोरी न्हाई केली, म्याडम. चौकशी केली."

तो खोटं बोलत नव्हता. आपल्याकडं मुलीचं स्थळ आलं की गावातल्या ओळखीच्याला, शाळेतल्या शिपायाला, शेजारणीला विचारतात. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. त्यानं तेच केलं, फक्त शेजारणीऐवजी रिपोर्टाला विचारलं.

मी म्हटलं, चौकशीच होती तर ही पोरगी अडकली तेव्हा गप्प का बसलात? आलोकची गोष्ट लोकांच्या कानात का घातलीत?

त्यानं कपाळावरचा घाम पुसला आणि डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टर त्याच्याकडं बघत नव्हते.

७

डॉक्टरांनी लगेच गोड बोलायला सुरुवात केली. झालं ते झालं, तनुजानं मन मोठं करावं, गोष्ट या खोलीत राहावी, लॅबच्या नावाचा प्रश्न आहे. तनुजाचं नाव ते तक्रारीतून काढतील. मी तोंड उघडणार तेवढ्यात तनुजा बोलली.

"सर, तो पासवर्ड अजून तोच आहे."

डॉक्टरांना कळलं नाही. तिनं समजावून सांगितलं. तिला चोर ठरवल्यापासून संगणकाला हात लावायला बंदी होती. पासवर्ड बदलणं हे तिचंच काम होतं आणि दुसऱ्या कुणाला त्याचं भानही नव्हतं. सगळे तिच्या मागं लागले होते. हजारो पेशंटचे रिपोर्ट त्याच पासवर्डामागं होते, आणि त्या पासवर्डाचा फोटो शिवमूर्तीच्या मोबाईलमध्ये होता. तो त्यानं आणखी कुणाला पाठवला आहे ते कुणालाच माहीत नव्हतं.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. म्हणाले, मग बदल ना लगेच.

"बदलते," तनुजा म्हणाली. "पण आधी बाहेर चला. जिथं उभं राहून मला चोर म्हणालात तिथं उभे राहा, आणि सगळ्यांना सांगा. आणि इराच्या बाबांना फोन तुम्ही करा, खरं नाव सांगून."

मी तिच्याकडं बघतच राहिले. वर्गात ही पोरगी शेवटच्या बाकावर बसायची.

डॉक्टर गेले. मोठा माणूस चुकीची कबुली देताना बघायला बरं वाटतं असं नाही, पण त्या दिवशी मला वाटलं. हॉलमध्ये स्टाफ होता, पेशंट होते, कुणी ऐकायचं राहिलं नाही. मग त्यांनी माधवरावांना फोन लावला. पलीकडून माधवराव काय बोलले ते ऐकू येत नव्हतं, पण डॉक्टर बराच वेळ नुसतं हो म्हणत राहिले. तक्रार शिवमूर्तीच्या नावानं जाणार हे त्याच फोनवर ठरलं. सर्वेश माझ्याजवळून मान खाली घालून गेला. मी त्याला अडवलं नाही, तनुजाच बघेल त्याच्याकडं.

तनुजा तिच्या खुर्चीवर जाऊन बसली. लॉगचं ग्रुपवर जाणं आधी बंद केलं, मग नवा पासवर्ड केला, कोड चालवला. मी मागं उभी राहून बघत होते. एका चुकीसाठीही बोट दाखवायची वेळ आली नाही.

श्रीमंतराव दाराशी आले. मला वाटलं, आता तिच्या डोक्यावरून हात फिरवतील. ते तिथंच थांबले. टोपी काढली, परत घातली.

"तनू," ते म्हणाले, "म्या काल आलो. आल्यापून तुला इच्यारलंच न्हाई."

"काय?"

"का तू केलंस का म्हून."

तनुजाचे हात थांबले. मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण दारात तेच उभे होते.

"का नाही विचारलंत?" तिनं विचारलं.

"भ्यालो. हाव म्हनली असतीस तर मंग?"

दिवसभर सगळ्यांसमोर उभी राहिली होती, पण आता तिचे डोळे भरले. फोनवर रडली होती तेव्हासुद्धा ती अशी मोडली नव्हती. तिनं खुर्ची त्यांच्याकडं वळवली.

"आता विचारा, बाबा."

"आता कशाला, आता तर समद्यायला कळलं."

"सगळ्यांचं सोडा. तुम्ही विचारा."

म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. घसा खाकरला.

"तू केलंस का?"

"नाही, बाबा."

श्रीमंतराव तिच्या शेजारच्या स्टुलावर बसले आणि लहान पोरासारखे रडले. तनुजानं त्यांची टोपी काढून मांडीवर घेतली.